वरच्या मजल्याचा नकाशा

१

आमच्या गाळ्याला पाटी नाही. वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस. एका बाजूला नट-बोल्टवाला, दुसऱ्या बाजूला खोक्यांवर छपाई करणारा आणि मध्ये आम्ही. काय बनवता, असं कोणी विचारलं की मी "दरवाजे" म्हणून मोकळी होते. दिसतातही तसेच. दाराएवढ्या चपट्या प्लेटी, आत दोन मिलिमीटरची फट, फटीत गॅस आणि दोन्ही अंगांना असलं व्होल्टेज की हात लावणाऱ्याच्या तेराव्याचीच तयारी करावी.

या प्लेटी जिनिव्हाजवळ जातात. तिथे जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचं गोल भुयार आहे. त्यात प्रोटॉन पळवून एकमेकांवर आपटतात आणि त्यातून काय काय उडतं ते बघतात. आता या टकरी कितीतरी पटींनी वाढवायच्या आहेत, म्हणून नव्या प्लेटी हव्यात. त्यातल्या थोड्या आमच्याकडच्या.

पाठवण्याआधी प्रत्येक प्लेट तपासावी लागते. ठाण्यात कुठल्या आल्यात टकरी? मग आम्ही आभाळावर भागवतो. वरून सतत म्युऑन नावाचे कण पडत असतात, नखाएवढ्या जागेवर मिनिटाला एक. छपरातून, स्लॅबमधून, तुमच्या-माझ्या डोक्यातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता नसतो. सहा प्लेटी एकावर एक रचायच्या. एक म्युऑन सहाहीच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेतून गेला की लाकडी खोक्यातला स्पीकर 'टक' वाजतो. टक, टकटक, मग बराच वेळ काही नाही, मग टक. कढईत लाह्या फुटतात तसं, दिवसभर. नवीन माणसाचं डोकं उठतं. मला मात्र रविवारी घरी त्या आवाजाशिवाय करमत नाही.

म्युऑन कुठून आला ती रेघ मागे, वर ओढता येते. लाखो रेघा ओढल्या की आमच्या डोक्यावरच्या मजल्याचा नकाशा तयार होतो. जिथे काही जड असेल तिथे थोडे म्युऑन अडतात आणि नकाशा तेवढाच काळवंडतो. तुळई दिसते, लोखंडी कपाट दिसतं, गच्चीतली पाण्याची टाकी भरलेली की रिकामी तेही कळतं. कपाट कपाटाच्या जागी दिसलं की समजायचं, प्लेटी सरळ बसल्यात. हा नकाशा दर महिन्याला प्रशांत काढायचा. तो गेल्यापासून सव्वा वर्षात कोणी काढला नव्हता.

आता प्लेटी जायच्या होत्या, गाळाही सोडायचा होता. सहदेव सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, अंबरनाथला मोठी जागा घेतली होती. शेवटचे कागद भरायचे म्हणून मी सहा आठवड्यांचा डेटा एकत्र केला आणि नकाशा काढला. तुळई होती. कपाट होतं. टाकी होती. आणि वर आम्ही जेवतो त्या टेबलापाशी, प्रशांतच्या खुर्चीच्या जागी, एक डाग होता.

मी चष्मा पुसला. डागाला चष्म्याचं काही देणंघेणं नव्हतं.

२

प्रशांत आणि मी एकोणीस वर्षं त्या टेबलावर समोरासमोर बसून जेवलो. दोन स्टीलच्या खुर्च्या, मध्ये सनमायका उडालेलं टेबल. त्याची पाठ भिंतीकडे, माझी खिडकीकडे. तो कल्याणचा, मी डोंबिवलीची. त्याचा डबा खाणावळीचा, म्हणजे पाण्यात डाळ शोधायची. म्हणून माझ्या डब्याचं झाकण रोज त्याच्यापुढे सरकायचं आणि अर्धी भाजी त्या झाकणात. तो डावा पाय खुर्चीवर मुडपून बसायचा, ओटीवर बसल्यासारखा. "अरे, माणसासारखा बस की," मी म्हणायचे. "माणसं अशीच बसतात बाईसाहेब, खुर्च्या नंतर आल्या," तो म्हणायचा.

अकरा वर्षांपूर्वी, डाळिंब्यांची उसळ खाता खाता, तो म्हणाला, "दीप्ती, रविवारी कल्याणला येतेस? आईला भेटायला." मग झाकणातल्या रश्श्यात पोळीचा तुकडा उगाच फिरवत म्हणाला, "म्हणजे कायमचं यायचं का, ते बघायला."

मी म्हटलं, "बघू."

बाबा अंथरुणाला खिळलेले होते, हे खरं. पण तेवढंच कारण होतं असं म्हटलं तर ते खोटं. मी घाबरले. आमच्या धंद्यात एक सवय लागते. पुरेसा डेटा जमल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नवीन कण सापडला म्हणायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे चुकण्याची शक्यता काही लाखांत एक. मी माझ्या मनालाही तेच माप लावत बसले. तोही तसलाच. हसला आणि म्हणाला, "ठीक. जमू दे डेटा." परत कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. बाबा गेले, त्याची आई गेली, झाकण रोज सरकत राहिलं.

तो रविवारी गेला, घरीच, चहा ठेवता ठेवता. मला सोमवारी सकाळी ग्रुपवर कळलं. कल्याणला गेले तेव्हा घरात माणसं मावत नव्हती, मी जिन्यात उभी राहिले. त्याच्या भाच्याने विचारलं, "तुम्ही ऑफिसच्या का?" मी म्हटलं, "हो." प्रशांतला हो म्हणायला मला जवळजवळ दहा वर्षं पुरली नाहीत आणि त्याच्या भाच्याला मी एका सेकंदात हो म्हणाले. ते अजून गिळलं जात नाही.

३

तर डाग.

पहिली शंका प्लेटींवर. प्लेटीत सिग्नल टिपणाऱ्या पट्ट्या असतात, त्यातली एखादी मेली असेल तर भोक दिसतं. सगळ्या पट्ट्या तपासल्या, ठणठणीत होत्या. प्लेटींचा क्रम बदलून बघितला, डाग होता तिथेच. म्हणजे दोष खाली नव्हता, वर होता.

वर गेले. कोणी पाण्याचा जार ठेवला असेल खुर्चीवर, सिमेंटची गोणी असेल. काही नव्हतं. खुर्ची, तिच्यावर त्याची ती चेपलेली तपकिरी उशी. सव्वा वर्षात त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. कोणी ठरवलं नव्हतं तसं, पण बसलं नव्हतं. मी रोज समोर बसून जेवत होते आणि तिच्याकडे बघत होते, एवढाच त्या खुर्चीचा उपयोग.

मग जुने नकाशे काढले, प्रशांतनेच काढलेले. तो जिवंत असताना, त्या खुर्चीवर रोज तासभर बसत असताना, तिथे काही नव्हतं. आणि ते बरोबर होतं. माणूस म्हणजे बहुतेक पाणी. म्युऑन त्याला फारसा जुमानत नाही, शंभरात एखादा अडला तर अडला. तासभर जेवून उठणाऱ्याची सावली पडत नाही. मी हिशोब मांडला. अशी ठसठशीत सावली पडायला माणसाने निदान बहात्तर तास एका जागी बसलं पाहिजे. पाणी प्यायला नाही, बाथरूमला नाही, कूस बदलायची नाही.

माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच माझा मलाच राग आला. पन्नाशीला आलेली बाई, भौतिकशास्त्रात एम. एस्सी., आणि चालली भुताखेतांच्या मागे. खुर्चीतच काहीतरी असेल. पायांत शिसं भरलं असेल, कोण जाणे. शुक्रवारी संध्याकाळी मी ती खुर्ची उचलून खाली आणली, दाराशी ठेवली, कुलूप लावून घरी गेले.

सोमवारी सकाळी शनिवार-रविवारचा नकाशा काढला. दोन दिवसांचाच डेटा, त्यामुळे चित्र भुरभुरीत होतं. पण डाग होता. त्याच जागी. मी उंची मोजली, तेही करता येतं, रेघा कुठे जुळतात ते बघायचं. जमिनीपासून दीड फुटाच्या वर. बसलेल्या माणसाच्या उंचीला. खाली खुर्ची नसताना.

पुढे मी जे केलं ते कुठल्याही शास्त्रात बसत नाही. मला वाटलं, अगं बाई, दोन दिवस त्याला बसायला काही नाही. मी धावत खुर्ची वर नेली, उशी झटकली, जागेवर ठेवली आणि "सॉरी" म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खाली टक वाजलं, पण ते तसंही वाजतच असतं.

४

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. कागद तसेच राहिले.

डेटा गाळण्याचे नियम असतात, त्यांना आम्ही कट म्हणतो. फार तिरके म्युऑन घ्यायचे नाहीत, फार हळू घ्यायचे नाहीत, वगैरे. मी कट थोडा सरकवला, डागाची कड स्पष्ट झाली. अजून थोडा सरकवला, खांदे दिसले. नकाशा वरून बघितल्यासारखा असतो, त्यामुळे बसलेला माणूस कसा दिसेल? मध्ये डोकं, दोन्हीकडे खांदे, पुढे टेबलाकडे दोन मांड्या. गुरुवारी दुपारी मला मांड्या दिसल्या. एक सरळ पुढे आली होती. दुसरी आडवी, आत मुडपलेली.

डावी.

मी रडले. लाज कसली, रडले. स्क्रीनवर बोट ठेवून बसले होते, त्या मुडपलेल्या गुडघ्यावर, आणि मागून आवाज आला, "ताई, हे फाउल आहे."

कृतिका. आमच्याकडची सगळ्यात लहान इंजिनियर, बाळकुमची. प्रशांतच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे त्याच्यापेक्षा कडक.

"तुम्ही बघत बघत कट फिरवताय," ती म्हणाली. "सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं, असं केलं तर लाथ घालीन म्हणून."

खरंच होतं. प्रशांत दोन वर्षं जिनिव्हाला राहून आला होता, तिथून त्याने ही एकच गोष्ट आणली, चॉकलेटंसुद्धा आणली नाहीत. जिथे काही सापडेल असं वाटतं, ती जागा आधी काळ्या चौकोनाने झाकायची. नियम ठरवायचे, गोठवायचे, मग ताजा डेटा घ्यायचा, आणि दोघांनी रजिस्टरमध्ये सह्या केल्याशिवाय चौकोन उघडायचा नाही. जिनिव्हात मोठे मोठे लोक हे करतात, कारण त्यांनाही स्वतःची खात्री नसते. माणूस आधी बघतो आणि मग कारणं शोधतो, प्रशांत म्हणायचा. म्हणून आधी पाहायचं नाही. ठाण्याच्या गाळ्यात साध्या प्लेटींना हे सोवळं कशाला, म्हणून सहदेव सर त्याची टिंगल करायचे. त्याने सोडलं नाही.

"तुला काय दिसतंय यात?" मी विचारलं.

कृतिकाने बराच वेळ बघितलं. "डाग दिसतोय. माणूस तुम्ही काढलाय, ताई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मलाही सर दिसले असते तर बरं वाटलं असतं. पण शंभर प्रकारे गाळलं की चहापत्तीतसुद्धा चेहरा सापडतो. हे तुम्हीच सांगता ना आम्हाला?"

तिचं बरोबर होतं. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. तो तिथे बसलाय याची नाही. तो तिथे नाही, मीच त्याला कट लावून लावून बसवलाय, याची.

"सरांच्या पद्धतीने करू," कृतिका म्हणाली. "एकदाच. मग जे येईल ते."

५

ठरलं असं. पहिल्या दिवशी होते तेच मूळ कट, एकही सरकवायचा नाही. प्रशांतच्या जागेवर काळा चौकोन. सोमवारी दुपारी बारा ते गुरुवारी दुपारी बारा, बहात्तर तास. बाकी सगळे अंबरनाथला सामान लावायला जाणार होतेच, गाळा बंद. गुरुवारी तीनला टेम्पो येणार, प्लेटी उतरणार, त्यानंतर हा नकाशा जन्मात कधी काढता येणार नाही. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या, माझी आणि सहदेव सरांची, कृतिकाने घेतल्या.

"माझ्यावर विश्वास नाही होय गं?" मी म्हटलं.

"तुमच्यावर आहे. तुमच्या मनावर नाही," ती म्हणाली. "आमच्या बायजाआजीच्या कपाटात ठेवते. त्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असते. देवाला हवी असली तरी ती देत नाही."

सोमवारी बाराला आम्ही दोघींनी वर जाऊन बघितलं. दोन खुर्च्या, टेबल, कपाट, बाकी काही नाही. खिडकीला आतून कडी घातली. खाली टक, टकटक. शटर ओढलं.

मी अंबरनाथला गेले नाही. बरं नाही म्हणून कळवलं, आणि तेही खोटं नव्हतं. घरी आले आणि वाल भिजत घातले. का, ते विचारू नका, हात आपोआप डब्याकडे गेला. वालाला घाई चालत नाही. एक दिवस भिजायचे, एक दिवस पंच्यात बांधून मोड यायचे, तिसऱ्या दिवशी कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. बहात्तर तासांचंच काम.

मंगळवारी पुरचुंडी बांधली आणि दिवसभर तिच्याशेजारी बसून राहिले. डोंबिवलीत त्या दिवशी वाऱ्याबरोबर फॅक्टऱ्यांचा आंबूस वास येत होता, मी खिडक्या लावून घेतल्या. घर इतकं शांत झालं की मी टक ऐकायला लागले. एकदा वाजल्यासारखं वाटलं. नळ होता.

मला काय हवं होतं, ते मी त्या दिवशी स्वतःला सरळ सांगितलं. तो परत यावा, एवढी वेडी मी नाही. मला एकदा त्याच्यासमोर बसून उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर देताना समोर तो आहे हे मला माहीत असायला हवं होतं. रिकाम्या खुर्चीला काय, सव्वा वर्ष रोज देत होतेच की. चौकोनात तो निघाला तर तीन वाजेपर्यंत माझ्या हातात तीन तास होते. नाही निघाला तर मी आयुष्यभर एका खुर्चीशी बोलत आले, एवढंच सिद्ध होणार होतं.

बुधवारी सोलायला बसले. वाल नखाने दाबला की डाळिंबी टपकन बाहेर येते. प्रशांतच्या हातून ती हमखास उडायची आणि कपाटाखाली जायची. एकदा त्याने एका डब्यासाठी दीड तास सोलून दिले होते, त्यातले निम्मे जमिनीवर. या वेळी मी दोघांना पुरतील एवढे सोलले.

६

गुरुवारी पावणेबाराला ठाण्याला पोहोचले, हातात डबा. कृतिका शटरसमोर उभी होती. तिने कुलूप मला दाखवलं, मग उघडलं.

आत सगळं जसंच्या तसं. गॅसचा काटा जागेवर, धूळ जागेवर. टक, टक. बाराला तिने डेटा बंद करून घेतला, मोजणी मात्र चालू ठेवली. नकाशा तयार व्हायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत आम्ही रजिस्टरमध्ये तारीख घातली आणि मी पहिली सही केली. माझी सही वाकडी आली.

"तुम्ही बसा, मी बघते," कृतिका म्हणाली. तेच ठरलं होतं. मी पाठ करून बसले, स्पीकरच्या खोक्याकडे तोंड करून. मागे तिने बटण दाबल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. ही पोरगी एरवी एक मिनिट गप्प बसत नाही.

"बोल की गं."

"चौकोन स्वच्छ आहे, ताई," ती म्हणाली. "काही नाही. खुर्चीसुद्धा नीट दिसत नाही, इतकं स्वच्छ."

मी मान हलवली. मला वाटलं होतं मी कोसळेन, पण तसं काही झालं नाही. बरं झालं, मी म्हटलं. म्हणजे मीच काढला होता. म्हणजे सगळं नीट आहे. डब्याची कडी उघड-मीट करत मी म्हटलं, "कर सही. संपव."

ती सही करेना.

"ताई, तुम्ही वर गेलेलात का? या तीन दिवसांत?"

"अगं, किल्ल्या कोणाकडे होत्या?"

"माहितेय," ती म्हणाली. "म्हणूनच विचारतेय."

मी वळले. चौकोन उघडा होता, आणि त्याच्या जागी खरोखर काही नव्हतं, मोकळी जमीन असावी तसा एकसारखा राखाडी रंग. आम्ही झाकली होती ती तेवढीच जागा, कारण आम्हाला तेवढीच माहीत होती. डाग टेबलाच्या पलीकडे होता. खिडकीच्या बाजूला. माझ्या जागेवर.

मूळचेच कट. एकही सरकवलेला नाही. तरी कडा चाकूने कापल्यासारख्या होत्या. बहात्तर तासांत जरासुद्धा न हललेल्याच्या. मध्ये डोकं, दोन्हीकडे खांदे. टेबलाकडे आलेल्या मांड्या, एक सरळ, एक मुडपलेली.

"या वेळी मी काही काढलं नाही," मी म्हटलं.

कृतिकाने माझा दंड धरला होता. "वर जाऊ नका," ती म्हणाली. "प्लीज. टेम्पो येऊ दे, आपण शटर ओढून निघून जाऊ. सामान माणसं काढतील."

पण मला एकच गोष्ट दिसत होती. सव्वा वर्ष मी समोर बसून त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवले. सुट्ट्या सोडल्या तर या तीन दिवसांत पहिल्यांदा जेवणाच्या वेळी मी नव्हते. त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. आणि तो उठून तिच्यात जाऊन बसला.

मला इतकी वर्षं वाटत होतं की वाट मी बघतेय.

७

लोखंडी जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. डबा दोन्ही हातांत धरून चढले. भीती वाटत होती का? वाटत होती. पण लग्नाच्या मुलीलाही वाटतेच म्हणतात.

वर दुपारचं ऊन होतं, धूळ तरंगत होती. खिडकीची कडी आतून लागलेली. दोन खुर्च्या, मध्ये टेबल. माझी खुर्ची रिकामी दिसत होती, जशी कुठलीही रिकामी खुर्ची दिसते. मी तिच्याकडे फार वेळ बघितलं नाही.

मी त्याच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. उशी गार होती. आणि तिथे बसल्यावर मला कळलं की इथून काय दिसतं. टेबल, त्यापलीकडे मी बसायचे ती जागा, तिच्यामागे खिडकी. मला आपलं नेहमी वाटायचं, जेवताना तो खिडकीतून नट-बोल्टवाल्याच्या पिंपळाकडे बघतो. पिंपळ इथून दिसत नाही. मध्ये मी यायचे.

डबा उघडला. वाफ अजून होती, कोथिंबीर-खोबऱ्याचा वास सुटला. झाकण उलटं करून त्यात अर्धी उसळ घातली आणि सवयीप्रमाणे पलीकडे सरकवलं. त्या बाजूने सरकवायची सवय नव्हती, झाकण जरा वाकडं गेलं. रस्सा एका कडेला आला आणि दुसरी कड चकचकीत उघडी राहिली.

"प्रशांत," मी म्हटलं. पुढे काय बोलायचं ते मी तीन दिवस घोकलं होतं. बाबांचं सांगणार होते, घाबरले ते सांगणार होते, डोळ्यांसमोर असताना डेटा मोजत बसल्याबद्दल माफी मागणार होते. त्यातलं काही आलं नाही.

"हो," मी म्हटलं. "येते."

खाली टक वाजायचं थांबलं.

मधे मधे थांबतंच, त्यात काही नाही. मी मोजत राहिले. दहा, वीस, तीस. इतका वेळ कधी थांबत नाही. खालून कृतिकाने हाक मारली नाही. तीही मोजत असावी. माझी नजर झाकणावर होती. त्याच्या चकचकीत कडेत समोरची खिडकी दिसायला हवी होती, उजेडाचा चौकोन. उजेड होता, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात काहीतरी खिडकीच्या आणि झाकणाच्या मध्ये होतं. ते पुढे वाकलं.

मान वर केली असती तर दिसलं असतं. एवढं एकच करायचं होतं. सव्वा वर्ष ज्याच्यासाठी तळमळले ते समोर हातभर अंतरावर. पण आधी पाहायचं नाही, हा त्याचा नियम. आणि बघितलं आणि तिथे नुसती खुर्ची असली तर? मी मान खाली घातली, पोळीचा तुकडा मोडला आणि जेवायला लागले. उसळ चांगली झाली होती, मीठ किंचित कमी. पलीकडून सनमायक्यावर स्टील घासल्याचा अगदी बारीक आवाज आला, कोणी झाकण स्वतःकडे नीट ओढून घ्यावं तसा.

खाली शटर खडखडलं. माणसांचे आवाज, सहदेव सरांचा आवाज, मग जिन्याच्या तोंडाशी कृतिका. "ताई," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "टेम्पो लवकर आलाय. प्लेटी उतरवू म्हणतात."

"पाच मिनिटं थांबव त्यांना," मी म्हटलं. "आमचं जेवण व्हायचंय."